हॉपरबाईंची लायब्ररी

मित्रांनो, लिनक्सच्या लॅबमध्ये हा प्रसंग प्रत्येकावर एकदा तरी येतोच. सी मध्ये प्रोग्राम लिहिला, वर्गमूळ काढायला एसक्यूआरटी फंक्शन वापरलं, हेडर फाइलही जोडली, आणि कंपाइल करायला गेलो तर तक्रार येते की एसक्यूआरटी नावाचं काही सापडत नाही. शेजारचा सांगतो, अरे, कमांडच्या शेवटी मायनस एल-एम लाव. लावलं की चालतं. का चालतं, हे आपण विचारत नाही आणि तोही सांगत नाही, कारण त्यालाही ते कुणीतरी असंच सांगितलेलं असतं. प्रॅक्टिकल संपलं, जर्नल लिहून झालं, विषय संपला.

दुसरा प्रसंग थोडा पुढचा. आपल्या मशीनवर मस्त चालणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन मित्राच्या रूमवर जातो. तिथे तो सुरूच होत नाही. अमुक एक शेअर्ड लायब्ररी उघडता आली नाही, एवढं सांगून गप्प बसतो.

पहिली तक्रार लिंकरची आणि दुसरी लोडरची. प्रोग्राम आपण लिहिलेला असतो, पण त्यातलं निम्म्याहून जास्त काम दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तुकड्यांवर चालतं. ते तुकडे शोधायचे, आपल्या प्रोग्रामला जोडायचे आणि कोण कुठे आहे याचे पत्ते जुळवायचे, हे या दोघांचं काम. एके काळी हे काम माणसं हाताने, पेन्सिलीने करत. ते मशीननेच करावं असा हट्ट धरणाऱ्या पहिल्या काही लोकांत गणिताच्या एक प्राध्यापिका होत्या. त्यांचं नाव ग्रेस हॉपर. कोबोलची आई म्हणून त्यांचं नाव जनरल नॉलेजच्या पुस्तकात असतं. पण त्यांचं आयुष्य त्या एका ओळीपेक्षा खूप मोठं आहे.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्क शहरातला. लहानपणची गोष्ट प्रसिद्ध आहे. सात वर्षांच्या ग्रेसला गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते पाहायचं होतं. एक उघडलं, परत जोडता आलं नाही, म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं खोलून झाल्यावर आईच्या लक्षात आलं. आईने मार न देता एक घड्याळ तिच्या नावावर केलं आणि बाकीच्यांना हात लावायची बंदी केली. आपल्याकडे रेडिओ खोलणाऱ्या मुलाच्या वाट्याला काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे!

१९२८ साली वासर कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठाची एम.ए. आणि १९३४ मध्ये तिथलीच गणितातली पीएच.डी. मिळवली. त्या काळात बाईने गणितात डॉक्टरेट घेणं ही अमेरिकेतही रोजची गोष्ट नव्हती. १९३१ पासून त्या वासरलाच शिकवत होत्या. नवरा व्हिन्सेंट हॉपर हेही प्राध्यापक होते. सगळं मार्गी लागलेलं होतं. कायमची नोकरी, सुट्ट्या, मान. आणखी काय हवं?

पण डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि हॉपरबाईंना चैन पडेना. त्यांना नौदलात जायचं होतं. तिथे त्यांचं वय जास्त भरलं आणि वजन कमी भरलं. किमान १२० पौंड हवं होतं आणि बाई १०५ पौंडांच्या. शिवाय गणिताचे प्राध्यापक देशाला कॉलेजात जास्त उपयोगी, असाही सरकारचा विचार होता. बाई मागे लागल्या, वजनाची सवलत मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात शपथ घेतली. वयाने निम्म्या मुलींबरोबर कवायत करून प्रशिक्षणात पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये लेफ्टनंट हॉपर हार्वर्डला रुजू झाल्या. जहाजावर जाऊ असं त्यांना वाटलं असेल, पण वाट्याला आलं एक मशीन.

त्या मशीनचं नाव मार्क वन. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन साडेचार टनांच्या आसपास. आत दांडे, गिअर, रिले. सेकंदाला तीन बेरजा करायचं, पण एका गुणाकाराला सहा सेकंद आणि भागाकाराला पंधरा सेकंदांहून जास्त घ्यायचं. प्रमुख हॉवर्ड एकन यांचा दरारा असा की मुलं घाबरायची. उशिरा आलात म्हणून सुनावतच त्यांनी बाईंना मशीन दाखवलं आणि लगेच टॅन इन्व्हर्सच्या मालिकेचे सहगुणक काढायचं काम दिलं, तेही आठवड्याच्या मुदतीत. मॅन्युअल नव्हतं, शिकवणारा सर नव्हता, कोर्स नव्हता. रॉबर्ट कॅम्पबेल आणि रिचर्ड ब्लॉक हे दोन तरुण अधिकारी आधीपासून होते, त्यांना विचारत बाई शिकल्या. पुढे १९४६ साली या मशीनचं पाचशेहून अधिक पानांचं मॅन्युअल प्रसिद्ध झालं, त्याचं बरंचसं लिखाण हॉपरबाईंचंच.

मार्क वनवर रात्रंदिवस नौदलाची गणितं चालत. १९४४ मध्येच फॉन नॉयमन एक गणित घेऊन आले. ते सोडवून देणाऱ्यांना ते कशाचं आहे हे सांगितलेलं नव्हतं. ते अणुबॉम्बच्या कामाचं होतं, हे युद्ध संपताना कळलं.

आता आपल्या विषयाकडे येऊ. गणितं वेगवेगळी असली तरी साइन, लॉगॅरिदम, वर्गमूळ हे तुकडे सगळीकडे लागायचे. दरवेळी ते नव्याने कोण लिहिणार? म्हणून हॉपरबाई, ब्लॉक आणि कॅम्पबेल यांनी प्रत्येकी एक वही ठेवली. चाललेला, तपासलेला तुकडा वहीत लिहून ठेवायचा. दुसऱ्याला लागला की त्याने वही मागून घ्यायची आणि उतरवून काढायचं.

मित्रांनो, ही पद्धत आपल्या हॉस्टेलला काही नवीन नाही. विंगमध्ये एकाचं जर्नल पूर्ण असतं, सबमिशनच्या आदल्या रात्री ते बारा रूम फिरतं. उतरवताना कुणाचा दशांश बिंदू सुटतो, कुणी एक ओळ गाळतो आणि दुसऱ्या दिवशी व्हायव्हाला सगळे उघडे पडतात. हार्वर्डला व्हायव्हा स्वतः मशीन घ्यायचं. एक छिद्र चुकलं की उत्तर चूक.

इथे थोडं थांबून त्या प्रसिद्ध किड्याबद्दल बोलू. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू या पुढच्या मशीनच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला गेला आणि ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. हा किडा हॉपरबाईंनी शोधला आणि बग हा शब्द तेव्हापासून आला, असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं. दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. किडा इतरांना सापडला होता आणि यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळातही होती. बाईंनी केलं ते एवढंच की ही गोष्ट पुढे आयुष्यभर रंगवून सांगितली.

युद्ध संपलं. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. नौदलाच्या नियमित सेवेत घ्या असा अर्ज केला तर वय जास्त म्हणून नकार आला. वासरची प्राध्यापकी त्यांनी स्वतःच नाकारली. हार्वर्डला बाईमाणसाला कायमची जागा मिळणार नव्हती, १९४९ मध्ये मुदत संपली. युद्धाच्या वर्षांत लागलेली दारू या काळात फार वाढली. नोव्हेंबर १९४९ मध्ये फिलाडेल्फियात नशेत असताना पोलिसांनी त्यांना पकडलं. गौरवपर लेखांत ही गोष्ट बहुधा गाळतात, पण ती लिहायलाच हवी असं वाटतं. कारण ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं ते त्यानंतरचं आहे. वय ४२, संसार नाही, नव्या गावात नवी नोकरी, आणि बदनामी. तिथून त्या उठल्या.

ती नोकरी होती एकर्ट आणि मॉकली यांच्या छोट्या कंपनीत. इथे युनिव्हॅक तयार होत होता. यांत्रिक गिअर गेले आणि व्हॅक्यूम ट्यूब आल्या, वेग हजारो पटींनी वाढला. स्मृती मात्र फक्त १००० शब्दांची आणि बाकी सगळं चुंबकीय टेपवर. १९५० मध्ये कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली आणि १९५१ मध्ये पहिला युनिव्हॅक अमेरिकेच्या जनगणना खात्याला मिळाला.

मशीन जलद झालं तसं नवं दुखणं दिसायला लागलं. गणित मिनिटांत सुटायचं, पण प्रोग्राम लिहायला आठवडे जायचे. वहीतला प्रत्येक तुकडा शून्य क्रमांकाच्या ओळीपासून सुरू होतो असं धरून लिहिलेला असे. समजा त्यात आतल्या १२ व्या ओळीवर उडी मारायची सूचना आहे. हा तुकडा आपल्या प्रोग्राममध्ये ३४० व्या जागेपासून बसवला तर ती उडी ३५२ वर जायला हवी. म्हणजे उतरवता उतरवता प्रत्येक पत्त्यात ३४० मिळवत जायचं. बाईंचा अनुभव असा की प्रोग्रामर मंडळी बेरजेत कच्ची आणि उतरवण्यात त्याहून कच्ची. घाईच्या अक्षरात ४ चा त्रिकोण होई, इंग्रजी बी चा १३ होई.

त्यावर बाईंचा विचार अगदी सरळ होता. उतरवणं आणि बेरीज करणं या दोन्ही गोष्टी आपल्यासमोरचं मशीन न चुकता करतं, मग माणसाने त्या का कराव्यात? सगळे तुकडे एका टेपवर ठेवू, प्रत्येकाला एक संकेत क्रमांक देऊ. प्रोग्रामरने फक्त क्रमांक आणि त्याला लागणारी माहिती लिहायची. मशीनने टेपवरून तुकडे आणायचे, एकामागे एक मांडायचे, पत्ते जुळवायचे आणि पूर्ण प्रोग्राम तयार करून द्यायचा. १९५१ च्या अखेरीस त्या कामाला लागल्या आणि मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली. नाव दिलं ए-झिरो, आणि अशा प्रोग्रामला कंपाइलर म्हटलं. तुकडे गोळा करून संकलन करणारा, म्हणून कंपाइलर. आजच्या भाषेत पाहिलं तर ए-झिरो हा कंपाइलरपेक्षा लिंकर आणि लोडरच्या जास्त जवळचा होता.

हे एकट्या बाईंचं डोकं असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजला मॉरिस विल्क्स आणि डेव्हिड व्हीलर यांनी एडसॅक या मशीनसाठी छिद्रांच्या कागदी टेपवर तुकड्यांची लायब्ररी उभारली होती, १९५१ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं होतं. प्रोग्राम आत घेताना पत्ते जुळवायची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. युनिव्हॅकवरच बेटी होल्बर्टन यांनी प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम करून दाखवला होता आणि त्याचं श्रेय हॉपरबाई नेहमी देत.

ए-झिरोमधली एक युक्ती तर आजच्या विद्यार्थ्याने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. टेप पुढे पुढेच वाचत जायची, स्मृती तुटपुंजी. मागच्या तुकड्यावर उडी मारायची असेल तर त्याचा पत्ता माहीत असतो. पण अजून न आलेल्या, पुढच्या तुकड्यावर उडी मारायची असेल तर? तो कुठे बसणार हेच ठाऊक नाही. बाई तरुणपणी बास्केटबॉल खेळलेल्या होत्या. बॉल घेऊन धावता येत नाही, तेव्हा तो मधल्याकडे टाकायचा आणि तो पुढच्याला देतो. तसाच स्मृतीचा एक कोपरा त्यांनी राखून ठेवला. पुढच्या तुकड्याचा पत्ता माहीत नसेल तर खुशाल त्या कोपऱ्यातल्या एका ठरलेल्या जागी उडी मारा. तो तुकडा आला, त्याची जागा ठरली, की कोपऱ्यातल्या त्या जागेवर खरा पत्ता लिहून टाका. ज्याने उडी मारली त्याला काहीच बदलावं लागत नाही.

आता आपल्या लिनक्स डेस्कटॉपवर या. प्रोग्राम शेअर्ड लायब्ररीशी लिंक करतो तेव्हा लायब्ररीचा मजकूर आपल्या फाइलमध्ये उतरवला जात नाही. फक्त कोणती लायब्ररी लागणार आणि त्यातली कोणती नावं लागणार, एवढी नोंद होते. मायनस एल-एम म्हणजे गणिताची लायब्ररी बघ, ही चिठ्ठी. प्रोग्राम सुरू करताना लोडर ती नोंद वाचतो, ठरलेल्या फोल्डरांत लायब्ररी शोधतो आणि स्मृतीत आणतो. सापडली नाही की मित्राच्या रूमवरचा तो प्रसंग घडतो. एलडीडी ही कमांड चालवून पाहा, कोणती सापडली आणि कोणती नाही त्याची यादीच मिळते.

पण लायब्ररी स्मृतीत कुठे बसणार हे आधी माहीत नसतं. सुरक्षिततेसाठी तिची जागा मुद्दाम दरवेळी बदलली जाते. मग आपल्या प्रोग्रामने प्रिंटएफला हाक कुठे मारायची? तो आपल्याच पोटातल्या एका छोट्या तक्त्याकडे उडी मारतो. या तक्त्याला पीएलटी म्हणतात आणि त्याच्या जोडीला खरे पत्ते ठेवणारा जीओटी असतो. लोडर खरा पत्ता शोधून तिथे लिहितो, मूळ प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. आजचा तक्ता थेट ए-झिरोमधून आला असा दावा नाही. पण अडचण तीच आणि मार्गही तोच. बास्केटबॉलच्या कोर्टावरचा तो कोपरा आपल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये आहे.

ए-झिरोला सुरुवातीला फार कुणी भाव दिला नाही. कॉम्प्युटर फक्त गणित करतो, प्रोग्राम कसा तयार करेल, असंच लोक म्हणत. बाई थांबल्या नाहीत. १९५३ मध्ये ए-टू ही सुधारलेली आवृत्ती ग्राहकांकडे गेली, तीही मूळ मजकुरासकट, आणि सुधारणा सुचल्या तर आम्हाला कळवा अशी विनंती करून. आज ओपन सोर्सचे आपण गोडवे गातो, त्याची ही फार जुनी आठवण. पुढे साध्या इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहिता येईल हे दाखवायला १९५५ च्या सुमारास त्यांनी वरिष्ठांसमोर तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवला. वरिष्ठ हादरले, अमेरिकेत बनलेल्या मशीनला फ्रेंच कसं कळणार! मशीनला सगळेच शब्द सारखे, हे त्यांना पटवायला बाईंना बरेच दिवस लागले. यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली. मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये सर्वांसाठी एक भाषा ठरवायला बैठक झाली. कोबोल समितीने तयार केली, हॉपरबाई सल्लागार होत्या, पण तिच्यावर फ्लो-मॅटिकची छाप स्पष्ट दिसते. डिसेंबर १९६० मध्ये तोच कोबोल प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालला. आपल्याकडच्या अनेक इंजिनिअर्सनी २००० सालाआधीच्या वाय-टू-केच्या कामासाठी हीच भाषा शिकून घेतली होती.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने वयामुळे त्यांना निवृत्त केलं आणि ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने १९८६ पर्यंत चालले! काम काय होतं? कोबोल सगळीकडे पोचली होती, पण प्रत्येक कंपनीची कोबोल थोडी वेगळी. एकीवर चालणारा प्रोग्राम दुसरीवर अडायचा. बाईंच्या गटाने चाचण्या तयार केल्या. कंपाइलर प्रमाणाप्रमाणे वागतो की नाही ते या चाचण्यांनी तपासलं जायचं.

हे काम पहिल्यापेक्षा कमी चमकदार आहे, पण माझ्या मते त्याच कामाचा दुसरा अर्धा भाग आहे. कारण उतरवणं बंद करून सगळे एकच तुकडा वापरू लागले की नवा धोका येतो. हॉस्टेलच्या मेसचंच घ्या. प्रत्येकाने रूमवर स्टोव्ह पेटवण्यापेक्षा एक मेस कितीतरी बरी. पण आचाऱ्याने आमटीत मीठ जास्त टाकलं की तीनशे ताटं खारट. शेअर्ड लायब्ररीचंही तसंच. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला तेव्हा लिनक्सवर ती एक लायब्ररी बदलून प्रोग्राम पुन्हा सुरू केले की ती वापरणाऱ्या सगळ्यांमधला तो दोष गेला. ज्यांनी तिची प्रत स्वतःच्या पोटात घेतली होती त्यांना एकेक करून नव्याने बांधावं लागलं. उलट २०१० च्या अखेरीस सी लायब्ररीतलं मेमसीपीवाय हे फंक्शन जास्त वेगवान केलं गेलं आणि फेडोरा १४ वर फ्लॅशचा आवाज खरखरायला लागला. नियमाप्रमाणे चूक फ्लॅशची होती, कारण एकमेकांवर चढलेल्या जागांसाठी ते फंक्शन नाहीच. पण गाणं ऐकत बसलेल्याला नियम काय करायचे? शेवटी लायब्ररीत जुनं आणि नवं अशी दोन्ही फंक्शन आवृत्तीच्या क्रमांकासह ठेवावी लागली. आजही यावर एकमत नाही. गो भाषेतले प्रोग्राम बहुधा सगळं सामान पाठीवर घेऊनच निघतात.

तुकडा सर्वांचा करायचा तर तो कसा वागेल याचं वचन द्यावं लागतं आणि ते पाळलं जातं की नाही हे कुणीतरी तपासावं लागतं. हॉपरबाईंनी आयुष्याचा पहिला भाग जोडण्यात घालवला आणि दुसरा भाग ते वचन तपासण्यात.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बॉस्टनला यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या जहाजावर रिअर ॲडमिरल हॉपर निवृत्त झाल्या, वय ७९. त्यानंतरही डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या सल्लागार म्हणून त्या गावोगाव व्याख्यानं देत. हातात साधारण ३० सेंटिमीटर लांबीच्या तारांचे तुकडे असत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त इतकीच जाऊ शकते, असं सांगून मुलांना एकेक तुकडा वाटत. ऑफिसात उलटं फिरणारं घड्याळ लावलेलं असे. आजवर असंच चालत आलंय म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. त्या घड्याळातही वेळ बरोबरच दिसायची.

१ जानेवारी १९९२ रोजी, ८५ व्या वर्षी, त्या झोपेतच गेल्या. तेव्हा लिनक्स जेमतेम साडेतीन महिन्यांचं होतं. १९९७ मध्ये त्यांच्या नावाची युद्धनौका नौदलात दाखल झाली, २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर मिळाला आणि २०१७ मध्ये येलने एका कॉलेजला त्यांचं नाव दिलं.

तेव्हा पुढच्या वेळी लिंकर ओरडला तर लगेच शेजाऱ्याला विचारून ओळ चिकटवू नका. आधी पाच मिनिटं बसून तो काय शोधतोय ते बघा. आणि जर्नल? ते उतरवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण दुसऱ्याचं उतरवायचंच असेल तर निदान बेरजा तपासून घ्या!